आईची साखर आणि रात्रीचा भात

प्रश्न (खानापूर): आईचं वय 74, साखरेच्या गोळ्या चालू. भाताशिवाय तिचं जेवण होत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं रात्रीचं जेवणच बंद केलंय. गोळी मात्र घेते. पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात. काय करू?

उत्तर (शहापूर, निवृत्त नर्स): ताई, आधी हे थांबवा! गोळी घेऊन उपाशी झोपणं या वयात फार धोक्याचं. थरथर सुटली की मशीनवर साखर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. डोस डॉक्टरच बदलतील, उद्याच भेटा.

भात तोडू नका, वाटीनं मोजा. सासूबाईंना मी आधी मेथीची भाजी, मग मसुरीची घट्ट आमटी आणि शेवटी वाटीभर भात वाढायची. आमटीचं नुसतं पाणी नको, डाळ पोटात गेली पाहिजे.

उत्तर (निपाणी): शाळूची भाकरी चालते म्हणून आमचे वडील तीन-तीन खायचे. तिनंही साखर वाढतेच हो.

प्रश्नकर्ती: आज रात्री अर्धी भाकरी, आमटी खाल्ली तिनं. सकाळी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जातोय.