जपानी धातुकाम: वापरायचं की कपाटात मांडायचं?

खलबत्ता (धागाकर्ता)

हल्ली इन्स्टावर गुलाबी, पोपटी, मोरपंखी बिडाच्या जपानी किटल्यांचा पूर आलाय आणि प्रत्येकीखाली 'नांबू परंपरा' असं लिहिलेलं. माझं म्हणणं सरळ आहे. इवाते प्रांतातल्या मोरिओका आणि ओशूचं नांबू बीडकाम ज्यासाठी नावाजलं ते पाणी उकळायचं भांडं, म्हणजे तेत्सुबिन. आतून उघडं बीड. कोळशावर सुमारे ९०० अंशांना भाजून त्यावर ऑक्साइडचा थर चढवतात, तोच गंजाला अडवतो. ही रंगीत किटली आतून इनॅमल केलेली. विस्तवावर ठेवायचीच नाही, नुसता चहा मुरवायचा. विस्तवाला घाबरणाऱ्या बिडाची कसली परंपरा?

तेच तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावच्या कथलाच्या टोपल्यांचं. हाताने वाकवा, हवा तो आकार द्या, फळं ठेवा, नाहीतर भिंतीवर टांगा! जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तकलांसाठी कायदा केला, त्यात वस्तू प्रामुख्याने रोजच्या वापरातली हवी अशी अट आहे. नांबू बीडकामाला १९७५ मध्ये त्याखाली मान्यता मिळाली. आता त्याच पुण्याईवर शोपीस खपवणं चाललंय. बोला.

दिंडीदरवाजा

बोलतो. तुम्ही त्सुबामेचं नावसुद्धा घेतलं नाहीत, कारण ते तुमच्या म्हणण्यात बसत नाही. निइगाता प्रांतातलं हे गाव. नदीला सारखे पूर, शेतीचा भरवसा नाही, म्हणून एदो काळात (१६०३ ते १८६८) जोडधंदा काय, तर खिळे ठोकणे. पुढे जवळच्या याहिको डोंगराकडचं तांबं मिळू लागल्यावर तांब्याची भांडी आणि तंबाखू ओढायच्या लांब चिलमी. मग बाहेरून यंत्रावरचे खिळे आले, सिगारेट आली, अ‍ॅल्युमिनियम आलं आणि एकेक धंदा बसत गेला. १९१० च्या दशकात हे लोक काट्याचमच्यांकडे वळले. आज जपानात बनणाऱ्या धातूच्या काट्याचमच्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त माल त्सुबामेचा. १९९१ पासून नोबेलच्या मेजवानीत तिथलेच काटेचमचे. पहिल्या आयपॉडची ती आरशासारखी पाठ आठवते? तिला चकाकी देणारे पॉलिशवालेही तिथलेच.

यातली 'खरी' परंपरा कोणती ते सांगा. खिळे?

खलबत्ता

खिळा लाकडात जातो, चमचा तोंडात जातो. दोन्ही कामाच्या वस्तू. माझा आक्षेप बिनकामाच्या वस्तूंना आहे. विषय भरकटवू नका.

मीठमोहरी

जपानात सेंदाईला राहते, घरात तेत्सुबिन आणि रंगीत किटली दोन्ही आहेत, म्हणून लिहिते. किटली बिनकामाची हे कोणी सांगितलं तुम्हाला? रोज संध्याकाळी तिच्यात चहा होतो. तेत्सुबिन महिन्यातून एखाद्या रविवारी निघतं, कारण त्याचे लाड फार. पाणी उकळलं की लगेच सगळं ओतून टाकायचं, झाकण काढून भांड्याच्याच उष्णतेवर आतून कोरडं करायचं. आत हात लावायचा नाही, घासायचं तर नाहीच. हळूहळू पांढरट थर धरतो, तो हवाच असतो. गेल्या वर्षी आई आली होती, तिने प्रेमाने आतून तारेची घासणी मारली. दुसऱ्या दिवशी पाणी तांबूस! मग वापरलेली हिरव्या चहाची पत्ती घालून पुन्हापुन्हा उकळत बसले. चहातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन काळा थर बसतो आणि पाणी निवळतं.

सकाळी ट्रेन पकडायच्या गडबडीत हे कोण करणार? मोरिओकाच्या कारखान्यांकडे फ्रान्समधून रंगीत किटल्यांची मागणी आली, त्यांनी ती पुरवली, भट्ट्या पेटत्या राहिल्या. यात पाप काय आहे?

खलबत्ता

पाप नाही हो ताई, लेबल खोटं आहे. अस्सल कामात मातीच्या साच्याला ओला असताना आतून सळईने एकेक खळगा दाबतात, तेव्हा भांड्यावर ते गारांसारखे दाणे उठतात. हजारो खळगे, सगळे हाताने, ओळ चुकवायची नाही. रंगीत किटल्यांतल्या बऱ्याचशा यंत्राने दाबलेल्या वाळूच्या साच्यातून निघतात. म्हणजे वापरही बदलला आणि हातही गेला. मग उरलं काय? दाण्यांचं डिझाइन.

ठोक्या

हा मुद्दा बिनतोड आहे. पण पुढे चला. त्सुबामेतच ग्योकुसेन्दो हा तांबेकामाचा कारखाना आहे, १८१६ पासून. तिथे तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून किटली करतात, आणि सगळ्यात कठीण प्रकारात तोटीसुद्धा त्याच पत्र्यातून बाहेर काढतात. कुठे जोड नाही, झाळण नाही. ठोकलं की तांबं कडक होतं, मग भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. असे कितीतरी फेरे. केयाकी लाकडाच्या ओंडक्याला भोकं, त्यांत वेगवेगळ्या आकाराचे लोखंडी दांडे बसवतात आणि भांडं त्या दांड्यावर चढवून बाहेरून हातोडी. पुण्यात तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको.

हात शाबूत, वापर शाबूत, विस्तवावरही चढते. तुमच्या सगळ्या अटी पूर्ण. फक्त त्या एकसंध तोटीवाल्या किटलीची किंमत लाखो येन. ती घेणारा गॅसवर ठेवणार आहे का? कपाटातच मांडणार. आणि जी परवडते, रोज वापरली जाते, तिला तुम्ही शोपीस म्हणता. कमाल आहे!

दिंडीदरवाजा

ठोक्याशी शंभर टक्के सहमत. आता ती टोपली. तिथला सरदार मायेदा तोशिनागा याने १६११ मध्ये सात ओतारी आणून ताकाओकात वसवले. सुरुवात लोखंडी भांडी आणि शेतीच्या अवजारांनी. पुढे तांब्या-पितळेचं ओतकाम, देव्हाऱ्यातलं सामान, फुलदाण्या. आता नव्या घरांत देव्हारे कमी, मग ओतणाऱ्यांनी काय करावं? नोसाकू ही तिथली १९१६ ची कंपनी देव्हाऱ्याचं सामान आणि फुलदाण्याच करत होती. त्यांनी पितळी घंटा काढली, खपेना. दुकानातल्या बाईंनी सुचवलं की वाऱ्यावर वाजणारी करा, आणि ती चालली. मग ताटवाट्यांची मागणी आली. शुद्ध कथील इतकं मऊ की भांडं वाकतं, म्हणून एरवी त्यात दुसरा धातू मिसळतात. यांनी मिसळलाच नाही, वाकणं हेच वैशिष्ट्य म्हणून विकलं. ओतकाम जुनंच.

आणि भिंतीवरच्या शोभेबद्दल एवढा राग असेल तर फुलदाणी कुठलं काम करत होती?

खलबत्ता

फुलदाणी फुलं धरते. भिंतीवरची टोपली काय धरते ते सांगा, मी मत बदलतो. ठोक्याचा किमतीचा मुद्दा मात्र अडचणीचा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण परवडत नाही म्हणून यंत्रावरच्या वस्तूला हातकामाचं नाव लावायचं, हे मला पटणार नाही. 'कारखान्यात केलेली, छान किटली' असं लिहा आणि विका.

मीठमोहरी

एवढं मान्य. दुकानात हातसाच्याच्या आणि यंत्रसाच्याच्या वस्तू शेजारी ठेवल्या तर किमतीत कित्येक पटींचा फरक दिसतो, पण ऑनलाइन वर्णन दोन्हींना एकच असतं.

नवखा_चहावाला

वाद चालू द्या, माझा बारका प्रश्न. इंडक्शनवर तेत्सुबिन चालतं का?

मीठमोहरी

बूड सपाट असेल तर चालतं. आच मंद ठेवून सुरू करा. एकदम पूर्ण पॉवर दिली तर बुडाला तडा जाऊ शकतो. आणि रिकामं तापवू नका.