चिकाटी दिसते ती दुबार पेरणीत

कथेत पात्राची चिकाटी कशी दाखवायची, या प्रश्नावर बहुतेकांनी ती शेवटच्या यशात शोधली आहे, ते पटलं नाही. कथेत ती दुसऱ्या प्रयत्नात दिसते, तोही पहिल्यापेक्षा महाग पडला तरच. आपल्या मराठवाड्यातली दुबार पेरणीच घ्या. पेरणीला लागणारा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आतच सोयाबीन पेरलं, मग उघडीप पडली, कोंब जागीच वाळले. पहिलं बियाणं उधारीवर आलं. दुसऱ्यासाठी काय मोडलं, कुणाच्या दारात उभं राहावं लागलं, हे लिहा. तिफण तीच, शेतातली तासं तीच, घरातली एक वस्तू तेवढी गेलेली.

नवखे लेखक इथेच 'तिने हार मानली नाही' म्हणून तीन महिने उडवतात. त्यापेक्षा कपाशीच्या नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरणारी बाई अर्धं पान दाखवा: उगवणीनंतर ८-१० दिवसांत, वाकून, रिकाम्या जागी दोन-दोन बिया टोचणारी. उशीर झाला तर नवं रोप शेजारच्या झाडांखाली दबतं, ही घाई तिच्या हातात दिसू द्या.

आणि सुटकेची वाट उघडी ठेवाच. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे, ऊसतोडीचा ट्रक वेशीत उभा आहे, तरी ती गावातच थांबते. हा ट्रक नसेल तर तिचं थांबणं वाचकाला नुसती लाचारी वाटते.