न्यू जर्सी: सायडिंगची तीन कोटेशन्स, भावात दुपटीचा फरक कशामुळे?

सायली_एनजे
मंडळी, आमचं घर मिडलसेक्स काउंटीत आहे, १९७४ चं कोलोनियल पद्धतीचं, ४० बाय २८ फूट, दोन मजली. सायडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं आवरण, मूळचंच ॲल्युमिनियमचं, हात फिरवला की रंगाची पांढरी पूड लागते आणि पश्चिमेकडे गारांचे पोचे पडलेत. तिघं येऊन बघून गेले. एकाने व्हायनिलचे (प्लास्टिकचं सायडिंग) १८,५०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने व्हायनिलचेच २७,००० आणि तिसऱ्याने हार्डी बोर्डचे (सिमेंटच्या फळ्या) ४१,०००. पहिला म्हणतो जुनं काढायची गरजच नाही, त्यावरच फोमचे शीट ठोकू आणि वरून व्हायनिल. नवरा म्हणतो मधला घेऊन टाकू, पण पैसे नक्की कशाचे जातायत ते कळल्याशिवाय मला सही करायची नाहीये. कोणी अलीकडे केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

कुडाळकर_इन_जर्सी
सायली, आधी भिंतींचं माप स्वतः काढ, घराचा एरिया नाही, भिंतींचा. तुझ्या घराचा घेर १३६ फूट, दोन मजल्यांची उंची १८ धर, म्हणजे २,४५० च्या आसपास आणि दोन्ही टोकांचे छपराखालचे त्रिकोण मिळवून साधारण २,७०० चौरस फूट. सायडिंगवाले स्क्वेअरमध्ये बोलतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, तर तुझे झाले २७ स्क्वेअर, वर कापाकापीत वाया जाणारं १० टक्के धर. खिडक्या बरेच जण वजा करत नाहीत आणि ते रास्त आहे, कारण खिडकीभोवतीच सगळ्यात जास्त वेळ जातो. आता भागून बघ, पहिला चौरस फुटाला सात डॉलरच्या आत, दुसरा १०, तिसरा १५. तिघांनी किती स्क्वेअर धरलेत ते विचार, त्यातच तफावत असेल तर पुढची तुलना करण्यात अर्थ नाही.

गवंडी_आजोबांचा_नातू
मी सायडिंगचं मटेरियल विकणाऱ्या ठिकाणी काम करतो म्हणून जरा कळकळीने सांगतो, जुन्यावर नवं बसवू देऊ नका. ५० वर्षांच्या घरात खरा प्रश्न सायडिंगखालच्या लाकडाचा असतो आणि ते बघायची संधी हीच. गॅरेजचं छप्पर जिथे घराच्या भिंतीला टेकून संपतं ना, त्या टोकाला पाणी गटरमध्ये वळवणारा छोटा पत्रा लागतो, किक-आउट फ्लॅशिंग म्हणतात, जुन्या घरांना बऱ्याचदा नसतो, मग प्रत्येक पावसाचं पाणी सायडिंगच्या मागे उतरतं. बाहेरून काही दिसत नाही पण आत प्लायवूड इतकं कुजलेलं असतं की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जातो. त्यावर फोम आणि व्हायनिल ठोकलं की खिळ्यांना धरायला काही उरत नाही.

म्हणून कोटेशनमध्ये हे लिहून घ्या: जुनं काढणं, डंपस्टर (कचऱ्याची मोठी पेटी), हाऊस रॅप (सायडिंगखाली भिंतीवर गुंडाळायचं पाणीरोधक कापड), खिडक्या-दारांवरचं फ्लॅशिंग, सॉफिट-फॅशिया (छपराच्या पुढे आलेल्या कडेचा खालचा आणि दर्शनी भाग) धरलंय की नाही, आणि कुजलेलं निघालं तर प्लायवूडच्या ४ बाय ८ च्या एका शीटला किती घेणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण भिंत उघडी पडल्यावर तुम्ही घासाघीस करूच शकत नाही. व्हायनिलची जाडीही विचारा, .०४० इंच बेसिक, .०४४ ते .०४६ बरं. हार्डी महाग पडतो तो जास्त करून मजुरीमुळे, फळ्या जड, उचलायला दोन माणसं, कापताना सिलिकाची धूळ म्हणून वेगळी अवजारं.

मेधा_पी
दोन गोष्टी राहिल्या. घर १९७८ च्या आधीचं आहे, म्हणजे खिडक्यांच्या लाकडी ट्रिमवर शिशाचा रंग असू शकतो, तिथे बाहेरचा २० चौरस फुटांहून जास्त रंगवलेला भाग उखडणार असतील तर कंपनीकडे ईपीएचं (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) लेड-सेफ सर्टिफिकेट लागतं, ते मागून बघ, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. दुसरं म्हणजे टॅक्स. सगळं सायडिंग बदलणं हे न्यू जर्सीत कॅपिटल इम्प्रूव्हमेंटमध्ये (घरात कायमची भर घालणारं काम) येतं, तू एसटी-८ फॉर्म भरून कॉन्ट्रॅक्टरला दिलास की बिलावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स लागत नाही. आमच्याकडे आलेल्या एकाने तो सरळ लावला होता, फॉर्मचं नाव काढल्यावर निमूटपणे काढून टाकला. आणि १३व्हीएचने सुरू होणारा कॉन्ट्रॅक्टरचा राज्याकडचा रजिस्ट्रेशन नंबर कॉन्ट्रॅक्टवर छापलेला हवा.

सायली_एनजे
सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ता तिन्ही कागद पुढ्यात घेऊन बसलेय. पहिल्यात सॉफिट-फॅशिया नाहीच आणि हाऊस रॅपचा उल्लेखही नाही. दुसऱ्याने २८ स्क्वेअर, जुनं काढणं, रॅप सगळं लिहिलंय, फक्त प्लायवूडचा भाव नाही, "लागेल तसे" एवढंच. नातू, व्हायनिल बरोबर बसवलंय की नाही हे आपल्याला कसं कळणार?

गवंडी_आजोबांचा_नातू
पहिली भिंत झाली की मधलं एक पॅनल दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे सरकवून बघा, थोडं सरकलं पाहिजे. व्हायनिल उन्हात वाढतं, १२ फुटी पॅनल अर्धा इंचसुद्धा, त्यामुळे खिळा घट्ट ठोकायचा नसतो. घट्ट बसलं असेल तर तिथेच काम थांबवा, नाहीतर जुलैत भिंतीला लाटा येतील. आणि त्या "लागेल तसे"च्या जागी आकडा लिहून आणल्याशिवाय सही नको.