स्कॉट फ्रॉस्टला घरी आणणं ही नेब्रास्काची चूक होती का?

शनिवारचा_प्रेक्षक:
विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्का राज्यातच वाढला आणि तिथल्याच विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, झाला. १९९७ चा हंगाम संघाने १३-० असा (तेरा विजय, शून्य पराभव) संपवला आणि राष्ट्रीय विजेतेपद मिशिगनसोबत वाटून घेतलं. पुढे तो सेंट्रल फ्लोरिडाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०१५ मध्ये बाराच्या बारा सामने हरलेला हा संघ २०१७ मध्ये त्याच्या हाताखाली १३-० झाला! मग नेब्रास्काने त्याला बोलावून घेतलं. तिथे १६ विजय, ३१ पराभव, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हकालपट्टी. माझ्या मते लोकांना प्रशिक्षक नको होता, १९९७ परत हवं होतं. दुसरा कोणी असता तर २०२१ च्या ३-९ नंतरच त्याला काढलं असतं.

उत्तरेकडचा_स्टँड:
साफ असहमत. कर्बी स्मार्ट जॉर्जिया विद्यापीठाचाच माजी खेळाडू. तिथेच मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२१ आणि २०२२, लागोपाठ दोन विजेतेपदं. स्टीव्ह स्परिअरने फ्लोरिडाकडून १९६६ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळवली आणि प्रशिक्षक म्हणून १९९६ चं विजेतेपदही त्याच विद्यापीठाला दिलं. मिशिगनचाच माजी खेळाडू आणि प्रशिक्षक जिम हारबॉचा २०२० चा हंगाम २-४ असा गेला. मिशिगनने पगार कापला, पण आपला माणूस सोडला नाही. २०२३ मध्ये १५-०. धीर धरायला नको?

शनिवारचा_प्रेक्षक:
स्मार्ट अलाबामात निक सेबनसारख्या नावाजलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली कित्येक वर्षं तयार झाला होता. फ्रॉस्टला मुख्य प्रशिक्षकपदाचे जेमतेम दोन हंगाम मिळाले होते.

उत्तरेकडचा_स्टँड:
आणि स्मार्टला? एकही नाही. हा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो.

चौथा_डाव:
दोघंही सामन्यांबद्दल बोलतच नाही आहात. २०२१ चे नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांचे होते. मिशिगनशी ३२-२९, ओहायो स्टेटशी २६-१७. म्हणजे पोरांमध्ये दम होता. एखाद-दुसरा सामना निसटला तर नशीब म्हणू. वर्षभर तेच होत असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत बाजूरेषेवरून, म्हणजे प्रशिक्षकाकडून, काय निर्णय होतात ते बघायला हवं. आयर्लंडमधल्या डब्लिनचा २०२२ चा सामना घ्या. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी, आणि फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम आखूड किक! चेंडू त्यांच्याकडे गेला, तिथून सामना फिरला, ३१-२८ ने हरलो. अकरा गुण पुढे असताना असला जुगार का खेळायचा? त्याचं गाव कुठलं, याचा इथे संबंधच नाही.

उत्तरेकडचा_स्टँड:
ती किक मलाही पटली नव्हती. पण १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला काढण्यासाठी द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. विद्यापीठाने तीन आठवडेही कळ काढली नाही. त्याला जास्त सूट मिळाली म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा.

चौथा_डाव:
जॉर्जिया सदर्नसारख्या तुलनेने दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर ४५-४२ असं हरल्यावर आणखी कशासाठी थांबायचं?