कॉलेजात एनर्जी क्लब काढलाय, पोस्टर स्पर्धेच्या पुढं काय करता येईल?

सोलापूर_थर्डइयर

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रिकल, थर्ड इयर. यंदा आम्ही कॉलेजात एनर्जी क्लब चालू केलाय. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल अशी मिळून पंचवीसेक पोरं-पोरी आहेत, शेजारच्या कॉलेजातल्या इकॉनॉमिक्सच्या दोघी पण येतात. डिपार्टमेंटकडून सुचवलं जातंय ते म्हणजे ऊर्जा बचतीवर पोस्टर, १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनाची रॅली आणि एखाद्या सोलरवाल्याचं लेक्चर. ते करूच, पण माझा जीव त्यात रमत नाहीये, कारण आमच्या आजूबाजूलाच एवढं काय काय आहे की ते सोडून पोस्टर रंगवत बसावंसं वाटत नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांचे को-जन (उसाच्या चिपाडावर चालणारे वीज प्रकल्प) आहेत, अक्कलकोट रोडला यंत्रमाग आहेत, गावाकडं शेतीपंपांची रात्रपाळीची थ्री फेज वीज आहे. दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली ती पण ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइनवर, म्हणजे आपल्याच दारात. वर्गात निम्म्यांना हे ठाऊकच नव्हतं.

"कोळसा की सोलर" असा एक वादविवाद ठेवून पाहिला. दोन्ही बाजूंनी मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवले आणि घरी गेले. म्हणून विचारतेय, ज्यानं हा धंदा आतून कसा चालतो ते पोरांना कळेल असं काय करता येईल? पैसे जवळजवळ नाहीत, वर्गणीवर चाललंय. प्लांट व्हिजिटची परवानगी कशी काढतात तेही सांगा.

निवृत्त_उपकेंद्र

बाळा, आधी अभिनंदन. मी आयुष्यभर वीज कंपनीतच होतो, आधी मंडळ होतं, २००५ ला त्याच्या तीन कंपन्या झाल्या, तेव्हा मी वितरणात गेलो. माझं ऐकशील तर मोठ्या प्लांटच्या मागं आत्ताच लागू नकोस. तिथं नेतात, हेल्मेट घालतात, कंट्रोल रूम काचेतून दाखवतात, चहा-बिस्किट होतं आणि बस परत येते. त्यापेक्षा कॉलेजजवळचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र गाठा, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवून पुढं वाटतात ते. कार्यकारी अभियंत्याच्या नावानं प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत पोरांची यादी आणि एक प्राध्यापक बरोबर येणार असं स्पष्ट लिहा. दहा-बारा जणांचीच तुकडी न्या, जास्त नेलीत तर ऑपरेटर बिचारा सगळ्यांना सांभाळतच बसेल.

तिथं गेल्यावर सगळ्यात आधी लॉगबुक बघा. प्रत्येक फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचे) तासातासाचे अँपिअर, व्होल्टेज, कुठला फीडर किती वाजता ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, वीज जमिनीत गेल्यामुळं (अर्थ फॉल्ट) की करंट जास्त झाल्यामुळं (ओव्हरकरंट), परत कधी चालू केला, सगळं लिहिलेलं असतं. मग ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातलं, सिलिका जेल बघा. निळं असेल तर कोरडं आहे, गुलाबी झालं असेल तर दमट हवा शोषून भरलंय, बदलायला पाहिजे. पोरांना विचारायचं, तेलात पाणी शिरलं तर काय होईल? इन्सुलेशनचा अख्खा धडा तिथंच उभ्या उभ्या होतो. बॅटरी रूम चुकवू नका. सगळीकडची लाइट गेली तरी ब्रेकर (लाइन तोडणारा मोठा स्विच) उघडायला डीसी लागतो, तो तिथून येतो.

परवानगी घेऊन एका गावठाण फीडरचे आणि एका शेती फीडरचे महिन्याभराचे आकडे उतरवून घ्या आणि ग्राफ काढा. सकाळी सातचा आणि संध्याकाळी सातचा डोंगर दिसेल, शेतीचा वेगळाच दिसेल. माझ्या मते क्लबचं पहिलं सत्र एवढ्यातच भरतं.

चंद्रपूरचा_मेकॅनिकल

काकांशी पूर्ण सहमत, फक्त मोठा प्लांट पण एकदा बघाच हो. मी चंद्रपूरचा आहे, आमच्याकडं २९२० मेगावॉटचं केंद्र आहे, राखेचं आणि धुळीचं काय होतं ते लहानपणापासून बघतोय. प्लांटमध्ये गेलात तर कंट्रोल रूम नंतर बघा, आधी राखेचं विचारा. आपला कोळसा जास्त राखेचा, जळल्यावर साधारण तिसरा-चौथा हिस्सा राख उरते, ती सिमेंटला किती जाते, विटांना किती, तलावात किती, आणि तलावाच्या खालच्या गावातल्या विहिरीचं पाणी कोण तपासतं. त्या गावात पण जाऊन या, आणि शक्यतो त्याच दिवशी जा, म्हणजे दोन्ही बाजू ताज्या असताना कानावर पडतात.

बिल_वाचणारी

मी वीजदराच्या विषयात काम करते, ग्राहकांच्या बाजूनं. माझी सूचना एकच, कॉलेजचं स्वतःचं वीजबिल मागून घ्या. अकाउंट्सला पडलेलं असतं, कुणी वाचत नाही.

कॉलेज बहुतेक हाय टेन्शनचं ग्राहक असेल. बिलावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली कमाल मागणी) दिसेल, त्या महिन्यातली प्रत्यक्ष कमाल मागणी दिसेल, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क. एकेका ओळीमागं एकेक विषय आहे बघा. स्थिर आकार का, तर वापरा न वापरा, तुमच्यासाठी लाइन आणि क्षमता उभी ठेवलीय. इंधन समायोजन का, तर कोळसा किंवा बाहेरची वीज ठरलेल्यापेक्षा महाग पडली की फरक तिथून वसूल होतो. आपल्या राज्यात एचटीला २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे नुसती कामी आलेली नाही तर लाइनमधून खेचलेली सगळी वीज मोजतात, त्यामुळं पॉवर फॅक्टर (खेचलेल्यातली कामी आलेली किती) बिघडला की सरळ युनिटच वाढतात. तुमच्या लॅबमधल्या, पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेच्या प्रयोगाला मग एकदम रुपयांत अर्थ येतो.

शेवटी टीओडी बघा, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणं बदलणारा दर. केंद्रानं २०२३ मध्ये नियम केला की उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी पाहिजे, मोठ्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून. आता अक्कलकोट रोडच्या एखाद्या यंत्रमागवाल्याकडं जाऊन विचारा की पाळी दुपारकडं सरकवली तर त्याला काय परवडतं. कामगार येतील का, उन्हात पत्र्याखाली माग चालवणार कोण, हे पण विचारा. इकॉनॉमिक्सच्या त्या दोघींना हे काम द्या, सोन्यासारखं करतील.

आणि खरं महत्त्वाचं आता सांगते. वीजदर मंत्रालयात ठरत नाही, राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. वीज कायदा २००३, कलम ६४. कंपनी याचिका दाखल करते, ती जाहीर करावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती घ्याव्या लागतात आणि मगच आदेश निघतो. सूचना कुणीही देऊ शकतं, विद्यार्थी पण. तुमच्या क्लबनं पुढच्या याचिकेतला एकच भाग घ्यावा, म्हणजे समजा वितरण गळती किंवा शेतीच्या वापराचा अंदाज, तो नीट वाचावा आणि दोन पानी लेखी सूचना पाठवावी. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजानं धरतात. अंदाज वाढवून धरला की गळतीतली वीजही शेतीच्या खात्यात जाते आणि गळती आपोआप कमी दिसते. ही गोष्ट एकदा आकड्यांतून कळली ना, की पेपरातली वीजदरवाढीची बातमी तुम्ही वेगळ्याच डोळ्यांनी वाचता. मला वाटतं विद्यार्थ्यांनी तिथं बोलायलाच पाहिजे, पुढची चाळीस वर्षं बिलं तीच पोरं भरणारेत.

जॉब_फर्स्ट

सगळं चांगलंय, पण पोरांना प्लेसमेंट पण हवीये. सोलर डिझाइनचं सॉफ्टवेअर, ईव्ही, बॅटरी याची वर्कशॉप घ्या, सर्टिफिकेट मिळतं, रेझ्युमेवर दिसतं. आयोगाला पत्र लिहून नोकरी कोण देणार?

बिल_वाचणारी

वर्कशॉप घ्याच, माझा विरोध नाही. पण वीज खरेदी, ओपन ॲक्सेस (मोठ्या ग्राहकानं दुसऱ्याच कंपनीकडून वीज घेणं), रेग्युलेटरी अशी खाती आता प्रत्येक मोठ्या वीज कंपनीत आणि सोलर कंपनीत आहेत, आणि तिथं टॅरिफ ऑर्डर, म्हणजे आयोगाचा दराचा आदेश, वाचता येणारी पोरं मिळत नाहीत. सॉफ्टवेअर महिन्याभरात शिकवता येतं, ऑर्डर वाचायची सवय लावायला वेळ लागतो.

मोहोळ_तालुका

मी शेतकऱ्याच्या घरातला, पुण्यात नोकरीला आहे. तुमच्या क्लबमधली निम्मी पोरं खेड्यातली असतील, त्यांच्या घरीच तुमचा विषय पडलाय. शेतीला आठ तास थ्री फेज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं मोडायला जायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही, माझ्या चुलत्याला उसात साप चावलाय. म्हणून ऑटो स्विच लावतात, लाइट आली की मोटार आपोआप चालू, मग सगळ्या गावाच्या मोटारी एकाच क्षणी चालू होतात आणि डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, उडतो. डीपी जळाला की दुसरा येईपर्यंत उभं पीक वाळतं.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०१७ पासून, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सोलर प्लांट टाकून शेती फीडरला दिवसा वीज द्यायची. दुसरीकडं "मागेल त्याला सौर कृषी पंप", दहा टक्के भरायचे, एससी-एसटीला पाच टक्के. ह्यातलं कुठलं बरं यावर आमच्या पारावर रोज चर्चा असते आणि ती चर्चा तुमच्या डिबेटपेक्षा भारी असते, कारण बोलणाऱ्याचं त्यात काहीतरी अडकलेलं असतं. एकजण म्हणतो स्वतःचा पंप बरा, लाइनमनचे पाय धरायला नकोत. दुसरा म्हणतो ढग आले की तुझा पंप बंद, मला फीडरच पाहिजे. तिसरा पाण्याचं विचारतो, दिवसभर फुकट पाणी उपसलं तर बोअर किती वर्षं टिकणार? ह्या तिसऱ्याच्या प्रश्नाला कुणाकडं उत्तर नसतं. तुमच्या पोरांनी सुट्टीत घरी गेल्यावर एक वही करावी, लाइट कधी आली, कधी गेली, किती मोटारी, कुठलं पीक, बोअरची पातळी. दहा गावांची वही झाली तरी तुमच्या जिल्ह्यात कुणाकडं नसेल अशी माहिती जमेल.

सोलापूर_थर्डइयर

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, उपकेंद्राचं पत्र आजच टाइप करते. दादा, तुमची वहीची कल्पना मीटिंगमध्ये सांगितली तर बार्शी, माढा, अक्कलकोटची पोरं लगेच तयार झाली.

एक विचारायचं राहिलं. सोलापुरात पाण्याचा विषय कुणालाही हात लावला की दुखतो, नळाला रोज पाणी नाही आणि उजनीचं पाणी प्लांटलाही जातं. पोरांना ते घ्यायचंय, पण आरोप-प्रत्यारोप नकोत. कसं मांडायचं?

निवृत्त_उपकेंद्र

आधी हिशेब मांडा, मत नंतर. १ जानेवारी २०१७ नंतरच्या औष्णिक प्लांटला पर्यावरणाच्या नियमात मर्यादा आहे, मेगावॉट-तासाला ३ घनमीटर, म्हणजे युनिटला ३ लिटर. १३२० मेगावॉट दिवसभर पूर्ण भारावर चालले तर ३ कोटी १७ लाख युनिट होतात, म्हणजे पाण्याची वरची मर्यादा दिवसाला साधारण साडेनऊ कोटी लिटर. ही नियमाची मर्यादा आहे, प्रत्यक्ष वापर नाही हे पोरांना ठासून सांग, नाहीतर कुणीतरी हाच आकडा व्हॉट्सॲपवर फिरवेल. प्रत्यक्षाचं माहिती अधिकारात मागा. मग कूलिंग टॉवरमध्ये पाणी का लागतं, शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिथं वापरता येतं का, पाइपचा खर्च कुणी करायचा, इथपर्यंत या. केमिस्ट्रीच्या सरांना पण घ्या बरोबर, सांडपाण्यातल्या क्षारांचं त्यांना चांगलं सांगता येईल.

गुहागरकर

मी दाभोळजवळचा, म्हणून राहवत नाही. एक अभ्यासवर्ग वीज खरेदी करारावर घ्या, आणि उदाहरण एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचंच घ्या. १९९२ चा सामंजस्य करार, १९९५ ला रद्द, परत वाटाघाटी, १९९९ ला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू, २००१ ला बंद. वीज घ्या अगर घेऊ नका, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि दर डॉलरला आणि आयात इंधनाला बांधलेला. रुपया घसरला की आमच्या राज्याच्या मंडळाचं बिल फुगणार. माधव गोडबोले समितीनं २००१ ला यावर अहवाल दिला, तो वाचायला लावा. आमच्या वडिलांच्या पिढीनं अंजनवेल-वेलदूरला आंदोलनं बघितली, आम्ही नोकऱ्या आल्या आणि गेल्या ते बघितलं. आजच्या सोलरच्या २५ वर्षांच्या करारांत इंधनाची जोखीम नाही हा केवढा फरक आहे, ते ह्या एका उदाहरणावरून चटकन समजतं.

आणि डिबेटच्या ऐवजी खोटी जनसुनावणी भरवा. विषय जैतापूरचा प्रस्तावित अणुवीज प्रकल्प घ्या, १७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण १०,३८०. एकजण साखरीनाट्याचा मच्छीमार, एकजण कंपनीचा इंजिनिअर, एक माडबनची जमीन गेलेली बाई, एक मुंबईचा ग्राहक. अट एकच, जो ज्या बाजूचा आहे त्याला उलटी भूमिका द्यायची आणि तयारीला आठवडा द्यायचा. गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होतं हे इंजिनिअर झालेल्याला आधी वाचावंच लागतं.

सोलापूर_थर्डइयर

हे सगळ्यांना फार आवडेल. आमचं ठरलं ते असं: ह्या सत्रात उपकेंद्र आणि गावाकडच्या वह्या, कॉलेजचं बिल इकॉनॉमिक्सच्या दोघी आणि मी. पुढच्या सत्रात जनसुनावणी. आयोगाची याचिका येईल तेव्हा गळतीचा भाग घ्यायचा. ताई, तेव्हा तुम्हाला मेसेज केला तर चालेल ना? आणि फीडरचे आकडे तासाचे घेऊ की पंधरा मिनिटांचे?

बिल_वाचणारी

हक्कानं कर. लॉगबुक तासाचं असतं, तेच उतरवा. कॉलेजच्या मीटरचा लोड सर्व्हे (मीटरमध्ये साठलेली भाराची नोंद) मात्र पंधरा मिनिटांचा मागा, कारण एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज पण पंधरा मिनिटांच्याच ब्लॉकनं विकली जाते, दिवसाचे ९६ ब्लॉक. तुमचा भार आणि एक्स्चेंजचे भाव, दोन्ही एकाच तारखेचे घेऊन शेजारी लावा, दुपारी भाव खाली आणि संध्याकाळी वर, तुमचा भार नेमका कुठं पडतो ते दिसेल. मीटरचं घड्याळ बरोबर आहे ना तेवढं आधी तपासून घ्या.