आईला सावजीत बसून जेवायचंय, कुठे नेऊ?

महालची_लेक
आईला 76 वं लागलं. आम्ही नागपूरचे हलबा कोष्टी, म्हणजे विणकर. बाबा एम्प्रेस मिल या कापड गिरणीत होते. पगार पुरेना, म्हणून आईने पंधरा वर्षं गल्लीतल्या सावजी भोजनालयासाठी (सावजी म्हणजे आमचं झणझणीत मटण-रस्स्याचं जेवण) घरून ज्वारीच्या भाकरी थापल्या, पाट्यावर मसाला वाटला. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, धणे. रस्सा जवसाच्या तेलातला. भोजनालय म्हणजे त्यांच्याच घराची समोरची खोली, चार बाकं. त्या बाकावर आई एकदाही बसली नाही. तिथे पुरुषच जेवायचे, कोणी पिऊन यायचं. बाईने तिथे बसावं, हे कोणाच्या मनातही येत नसे. बाबा कधीमधी बकऱ्याच्या खुरांचा रस्सा आणायचे, तेही डब्यात.

परवा माझी मुलगी मैत्रिणींसोबत सावजीत जेवून आली. आईने तिला खोदून खोदून विचारलं, कोण वाढते, भाकर गरम देतात का. मग मला म्हणाली, "मले बी एकडाव बसून जेवाचं हाय."

मोबाइलवरून मागवलं तर पुन्हा डबाच झाला ना! गुडघे दुखतात, जिना नको. भाकरी हातचीच हवी.

इतवारीकर
रविवार सोडून, दुपारी साडेबाराच्या आत न्या. फॅमिली रूम आता पुष्कळ ठिकाणी आहे, पण बरेचदा माडीवर असते. आधी फोन करा. चकचकीत एसी हॉलपेक्षा महाल-इतवारीतलं जुनं बघा, तिथे भाकरी थापणाऱ्या बाया अजून आहेत.

रस्सा_वेगळा
ताई, आमचंही भोजनालय आहे. माझ्या लहानपणी एखादं कुटुंब आलंच तर बाबा कोपऱ्यात पडदा लावायचे. आता संध्याकाळी निम्मी टेबलं घरच्या मंडळींची असतात. रांधायला आचारी आहे, मसाला मात्र काकूच भाजते. जवसाचं तेल आम्हीही सोडलं, परवडत नाही. याचं वाईट वाटतं. आईंना चव लगेच कळेल. तिखट कमी करा म्हणू नका, मसालाच बिघडतो. रस्सा वेगळ्या वाटीत मागा, वरची तर्री काढून.

महालची_लेक
आज नेलं. खालीच जागा मिळाली. आईने आधी भाकर उलटून पाहिली, मग पोराला विचारलं, "कोण थापून राहिलं रे?" आतून एक बाई पदराला हात पुसत आली. आई बाकावर सरकली. "बस ना माय, तू बी जेव."

ती बसली नाही. तव्यावर भाकर होती.