महालातलं घर रिकामं करून राहिलो, बाबा अन् बंगईचं काय करू?

महालची_लेक:

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं. मानेवाड्याला फ्लॅट घेतलाय, दोन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावर. पोळ्याच्या आत जुनं घर मोकळं करून द्यायचं आहे. भाऊ पुण्याला. तो फोनवर "सरळ कबाडी बोलाव" म्हणतो अन् फोन ठेवतो. म्हणजे आवरणारी मी एकटी, अन् नाही म्हणणारे बाबा. वय ८१.

पूर्ण यादी देत नाही, वाचूनच पळाल. गच्चीवर चार कूलरचे सांगाडे आहेत, बुडाशी गंजून जाळी झालेले. आईचे पितळेचे तीन गुंड (पाण्याचे हंडे), दोन पराती, पाटा-वरवंटा. गव्हाची पत्र्याची कोठी आहे, तिच्यात गहू नाही, लग्नपत्रिका आहेत. अन् अकरा गाद्या. काऊन? तर पाहुणे आले तर! मुक्कामी शेवटचे पाहुणे आले त्याला पाच वर्षं झाली.

आता माझी चूक सांगते. मागच्या रविवारी बाबा दुपारी झोपले होते तेव्हा मी कबाडीला हळूच मागच्या दारानं घेतलं. रद्दी, फुटक्या बादल्या, अन् त्यात बिस्किटाचा एक जुना डबा गेला. डब्यात नट, बोल्ट, वायसर, नळाच्या चकत्या, चाळीस वर्षांच्या. बुधवारी मोरीतला नळ गळायला लागला. बाबा उठले, पाना घेतला अन् डबा शोधायला लागले. दोन तास शोधला. मी म्हटलं, बाईनं कुठं ठेवला असेल. आमच्या बाईनं आजवर एक चमचा इकडचा तिकडे केला नाही.

खरा प्रश्न बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा. सागवानाची, सहा फुटी, पितळी कड्यांची. बाबा सकाळी तिच्यावर पेपर वाचतात. पायानं एक झोका, मग एक पान. बाकी कशाचंही काय करायचं ते कर म्हणाले, बंगईबद्दल बोलूच देत नाहीत. फ्लॅटमध्ये लावता येते का? कोणी केलंय?

कूलर_मिस्त्री_४४०:

ताई, कूलर आत्ता पावसाळ्यात देऊ नका, लोखंडाच्याच भावात जातील. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही मिस्त्री लोक सांगाडे शोधत फिरतो. बूड नवं ठोकलं, रंग मारला की आणखी दोन उन्हाळे निघतात. तुम्हाला तेवढा वेळ नसेल तर निदान मोटर अन् पंप आधी काढून घ्या. मोटरीत तांब्याची वायंडिंग असेल तर तिचा भाव वेगळा, सांगाड्यासोबत तोलू देऊ नका. आजकालच्या स्वस्त मोटरीत ॲल्युमिनियम असतं, पण तुमच्या जुन्या आहेत म्हणता, तांबंच निघेल. अन् घरी काटा असेल तर एक गठ्ठा आधी स्वतः तोलून ठेवा. कबाडीच्या हातातल्या काट्यावर तोच गठ्ठा किती भरतो ते गंमत म्हणून पाहा.

सुटसुटीत:

साधा नियम सांगतो. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते घराबाहेर. भावनेत अडकलात तर फ्लॅटचं गोडाऊन होईल.

कूलर_मिस्त्री_४४०:

@सुटसुटीत भाऊ, मग कूलर तर दर दिवाळीत फेकावा लागंल. आठ महिने कोण हात लावते त्याले?

बर्डीचा_म्हातारा:

लेकी, ती कोठी तशीच उचलून देऊ नकोस. एक-एक पत्रिका उघडून बघ. आमच्या सौ. गेल्यावर पत्रिकांच्या गठ्ठ्यात पाचशेच्या जुन्या सहा नोटा निघाल्या, २०१६ला बंद झालेल्या. माझ्यापासून लपवल्या होत्या, अन् शेवटी कोणाच्याच कामी आल्या नाहीत. पण तुझ्याकडे जास्त निघाल्या तर आठवण म्हणून ठेवू नकोस. २०१७च्या कायद्यानं अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे.

दुसरं, कंपन्यांच्या शेअरचे कागद दिसले तर रद्दी समजू नकोस. सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर तो अन् शेअर सरकारच्या निधीत जातात, पण वारसाला अर्ज करून परत मागता येतात. मी एकदा केला. चकरा पुष्कळ, पण मिळालं.

अंबाझरीकर:

आमच्याकडे आवराआवर पाण्यानं केली. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. चार तासांत शंभरावर मिलिमीटर पाऊस, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला, अन् नाग नदी आमच्या स्वयंपाकघरात. सोफा, फ्रिज, दोन कपाटं पुस्तकं, सगळं रस्त्यावर ढीग लावून दिलं. फ्रिज नवा आला, सोफाही आला. त्याचं काही वाटलं नाही. गाळासोबत फावड्यानं आईचं तांदळाचं पितळी माप ट्रकमध्ये गेलं. आजही बायकोचा भात कधी गिजगा, कधी कच्चा. दोन नवी मापं आणली, त्यानं काही होत नाही.

म्हणून सांगतो ताई, बाबांना न विचारता देऊ नका. ते कुठल्या डब्यात अडकलेत हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. डब्याचं खरं सांगून टाका.

इतवारीची_सून:

पितळ वजनावर विकाल तर मोडीचा भाव मिळेल, घट धरूनच. इतवारीत तीन दुकानं फिरा, पहिल्यालाच देऊ नका. गुंडावर नाव कोरलेलं आहे का बघा. आमच्या आजेसासूच्या परातीवर गाव, वर्ष, कोणाकडून आली, सगळं कोरलंय. ती एक ठेवली, कल्हई करून पुरणाला वापरते. बाकी मोडीत दिली.

बंगई: आम्ही लावली आहे. छताला भोक पाडायच्या फंदात पडू नका, वरचे लोक अन् सोसायटी दोघंही भांडतील. वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घ्या, कड्या तुमच्याच वापरा. फळी लिफ्टमध्ये मावते का ते आधी तिरकी धरून मोजा. आमची नाही मावली, चौघांनी जिन्यानं नेली.

महालची_लेक:

सर्वांचे आभार. डब्याचं सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच गच्चीवर गेले, चारही कूलर खोलले, मोटरी काढल्या. दोन चालू आहेत. कबाडी आला तेव्हा काट्यापाशी खुर्ची टाकून बसले. त्यानं तीनदा तोललं बिचाऱ्यानं.

कोठीत नोटा नाही निघाल्या. माझ्याच लग्नाच्या साठ पत्रिका निघाल्या, न वाटलेल्या. कोणाला द्यायच्या राहिल्या हे बाबांना अजून पाठ आहे.

बंगईचं माप घेतलं. लिफ्टमध्ये चार बोटांनी नाही मावत, जिन्यानंच न्यावी लागेल. स्टँड केला तर हॉलमध्ये सोफ्याला जागा उरत नाही, म्हणून सोफा घेणं रद्द. भावाला कळवलं तर म्हणतो, मी आलो की झोपू कुठं? त्याला सांगितलं, अकरापैकी दोन गाद्या ठेवल्या आहेत.